बडोद्यात परसदारी न्यूटसाठी तळं करता येईल का? नाहीतर कोणासाठी करावं?

प्रतापगंज_परस
५ मे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण इंग्लंडात असते. तिच्या घरामागे सहा बाय चार फुटांचं तळं आहे आणि दर वसंतात त्यात न्यूट येतात. चार पाय, लांब शेपूट, ओली कातडी, बेडकांच्याच नात्यातला प्राणी. तिने पाठवलेले व्हिडिओ बघून मलाही तसं तळं हवंसं वाटतंय. आमच्या प्रतापगंजातल्या घरामागे कडुनिंबाखाली बरीच मोकळी जागा आहे. बाबा होते तेव्हा तिथे हौद होता, पावसाळ्यात बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. नंतर हौद बुजवला, अर्ध्या अंगणात पेव्हर ब्लॉक आले आणि आवाज थांबला.

मत्स्यालयाचं सामान विकणारे एक जण म्हणाले की न्यूटची जोडी मागवून देतो. मागवावी का? इथे जगतील का? जगणार नसतील तर हे तळं कोणासाठी आणि कसं करू? पाऊस यायच्या आत खोदकाम उरकायचं आहे.

पाणथळ
५ मे

ताई, जोडी मुळीच मागवू नका. न्यूट थंड पाण्यातला जीव. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की बहुतेक जातींचे हाल सुरू होतात. बडोद्यात मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असतात, उथळ तळ्याचं पाणी दुपारी किती तापेल बघा.

दुसरं कारण याहून मोठं आहे. नेदरलँड्समध्ये न्यूटच्याच नात्यातले फायर सॅलॅमँडर झपाट्याने मरू लागले तेव्हा त्यामागे एक बुरशी सापडली. २०१३ साली तिचं नामकरण झालं, थोडक्यात तिला बीसॅल म्हणतात. ती कातडीवर वाढते आणि हे प्राणी कातडीतूनही श्वास घेतात. मूळची आशियातली, आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोचली असं अभ्यासक मानतात. दुकानातून आणलेल्या प्राण्याबरोबर काय येतं ते डोळ्यांनी दिसत नाही. टाकीचं पाणी बदललं, गटारात ओतलं, की ते पुढे कुठे जातं यावर आपला ताबा उरत नाही.

तळं मात्र नक्की करा. बडोद्यात न्यूट नसले तरी तळ्याची वाट बघणारे पुष्कळ आहेत. भेक (टोड) तर तुमच्या गल्लीत आजही असणार, दिव्याखालचे किडे टिपायला येतो तो. पाण्याच्या पृष्ठभागावरून टपाटप उड्या मारत पळणारा स्किटरिंग बेडूक, भिंतीला चिकटून बसणारा झाडबेडूक, आणि अंगठ्याच्या पेरात मावेल एवढी मायक्रोहायला. जवळपास शेत किंवा मोकळं मैदान असेल तर मोठा बुलफ्रॉगही. पहिल्या पावसात त्याचा नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या दिसतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगून पटत नाही.

शेफिल्डवासी
६ मे

मी मूळची रावपुऱ्याची, सध्या शेफिल्डला. आमच्याकडेही न्यूटचं तळं आहे म्हणून लिहिते.

तळं म्हटलं की सगळे पाण्याचा विचार करतात. न्यूट वर्षातले थोडेच महिने पाण्यात असतो. फेब्रुवारी-मार्चपासून प्रजननासाठी येतो, उन्हाळ्यात बाहेर पडतो, आणि पुढे ओंडक्याखाली, दगडांच्या सांदीत, मुळांजवळच्या भेगांत राहतो. हिवाळाही तिथेच काढतो. म्हणून इथले जाणकार तळ्याइतकंच भोवतीच्या जमिनीवर बोलतात. कुजणारी लाकडं, न कापलेलं गवत, दगडविटांचा मातीत अर्धवट पुरलेला ढीग. माझ्या शेजाऱ्यांचं तळं माझ्यापेक्षा मोठं आहे, पण भोवती सगळी फरशी. त्यांच्याकडे न्यूट टिकत नाहीत.

अंडी घालायची तऱ्हा जवळून बघण्यासारखी असते. मादी पाणवनस्पतीचं एकेक पान मागच्या पायांनी धरते, त्यावर एकच अंडं ठेवते आणि पान दुमडून चिकटवते. मग दुसरं पान. अशी शेकडो अंडी. तळ्यात कोवळ्या, मऊ पानांची झाडं नसतील तर तिला जागाच नाही. पिल्लांना मानेशी पिसांसारखे बाहेरचे कल्ले असतात आणि पुढचे पाय आधी फुटतात. बेडकाच्या पिल्लात मागचे आधी दिसतात.

आणि मासे नकोत. एक गोल्डफिश सोडला तरी पिल्लं वाचत नाहीत. ग्रेट क्रेस्टेड न्यूटला इथे १९८१ च्या कायद्याने संरक्षण आहे. परवान्याशिवाय त्याला हातात धरता येत नाही, त्याच्या जागेला धक्का लावता येत नाही. घरं बांधणाऱ्यांना बरेचदा आधी पाहणी करावी लागते. ताई, इथले लोक पाणी तयार करतात आणि थांबतात. न्यूट आपले आपण येतात. तुम्हीही विकत काही आणू नका.

निवृत्त_फौजी
६ मे

आपल्या देशातला न्यूट मी पाहिला आहे. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी म्हणून लहानसं अभयारण्य आहे, ते याच प्राण्यासाठी ओळखलं जातं. काळपट तपकिरी अंग, पाठीवर दोन्ही बाजूंनी गाठींची रांग, चाल अतिशय संथ. पाऊस सुरू झाला की डोंगरातून डबक्यांकडे उतरतात. दार्जिलिंग-नेपाळकडच्या न्यूटना २०१५ साली स्वतंत्र जात मानलं गेलं, टायलोटोट्रायटन हिमालयानस. चहाच्या मळ्यांत आणि गावांत डबकी बुजवली गेली तशी त्यांची जागा आक्रसली. आपल्या अंगणातले हौद बुजले आणि बेडूक गेले, तिथेही तेच. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे, त्यामुळे तिकडूनही कोणी ‘मागवून देतो’ म्हटलं तर ऐकू नका.

मांजलपूरची_आई
६ मे

मला बेडूक आवडतात, पण माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता आणि ते दिवस मी विसरलेली नाही. चोमासं सुरू झालं की आरोग्य खात्याची माणसं घरोघर कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, आणि आपण मुद्दाम पाणी साठवायचं? ‘बेडूक डास खातात’ एवढं उत्तर मला पुरत नाही. नीट सांगा.

पाणथळ
७ मे

तुमची काळजी अगदी खरी आहे आणि ‘बेडूक डास खातात’ हे उत्तर मलाही अपुरं वाटतं. भेक रात्री मुंग्या, वाळवी, भुंगेरे खातो, डास त्याच्या जेवणाचा छोटा भाग. बहुतेक बेडकांची पिल्लं शेवाळ खरवडतात. बुलफ्रॉगची पिल्लं शिकारी असतात, डासाच्या अळ्या खातात, पण दुसऱ्या बेडकांची पिल्लंही खातात. त्यामुळे बेडकांच्या भरवशावर तळं सोडू नये.

डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, पाणी चढलं की फुटतात. अळीपासून डास व्हायला उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. त्याला आवडतं ते कूलर, टायर, पिंप, ताटली, झाकण नसलेली टाकी. म्हणजे असं पाणी जिथे त्याला खाणारं कोणी नाही. जिवंत तळ्यात चतुराची पिल्लं असतात, पाठीवर पोहणारे पाणकिडे असतात, पाणभुंगे असतात. हे सगळे अळ्यांवर तुटून पडतात. चतुर उडत येतात, पाणकिडे उडत येतात, आणावे लागत नाहीत.

धोक्याचे दिवस असतात ते सुरुवातीचे, पाणी भरलं आहे पण शिकारी पोचलेले नाहीत. तेव्हा बीटीआय वापरा. हा एक जिवाणू आहे, त्याची पावडर आणि गोळ्या मिळतात. डासाच्या अळीच्या पोटात गेल्यावरच तो विषारी ठरतो, बेडकाच्या पिल्लांना त्याचा त्रास नाही. रासायनिक अळीनाशक तळ्यात टाकू देऊ नका. तपासणीला माणसं आली तर तळं लपवू नका, दाखवा आणि बीटीआय घातलं आहे हे सांगा. दर आठवड्याला पांढऱ्या पळीने कडेचं पाणी चार ठिकाणी उचलून बघायचं. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर पुन्हा बीटीआय. ज्याला हे आठवड्याचं काम नेमाने जमणार नाही त्याने तळं करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि गोंडाळ ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती लावू नका, रोपवाटिकेत हौसेने देतात. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या त्याच्या मुळांना टोचून आतली हवा घेतात, वर येतच नाहीत, मग पळीत दिसणार कशा?

मांजलपूरची_आई
७ मे

हे पटलं. आमच्याकडे गप्पी मासे फुकट वाटतात, ते सोडले तर?

पाणथळ
७ मे

पाण्याच्या टाकीत, बंद कारंज्यात जरूर सोडा. बेडकांच्या तळ्यात नको. गप्पी आणि गँबुशिया हे मासे अंडी आणि कोवळी पिल्लं खातात.

प्रतापगंज_परस
८ मे

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मनापासून आभार. न्यूटचा विषय माझ्याकडून संपला, त्यांनी आपल्या थंड देशात सुखाने राहावं. तळं बेडकांचं होणार. आता बांधकामाचं सांगा. गवंडी म्हणतो सिमेंटचा चौकोनी हौद करू, चार फूट खोल.

पाणथळ
८ मे

गवंड्याला थांबवा. उभ्या गुळगुळीत भिंतीच्या हौदात पडलेला भेक बाहेर येऊ शकत नाही, दमून बुडतो. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो तो वेगळाच, बरेचदा भरून उपसल्याशिवाय त्यात जीव टिकत नाहीत.

बशीच्या आकाराचा खड्डा घ्या. मधोमध दीड ते दोन फूट, आणि निदान एका बाजूने अगदी सावकाश वर येणारा उतार, जिथे पाणी बोटभर असेल. खड्ड्यातले खडे, मुळं वेचा, वाळूचा थर द्या, त्यावर जुनी गोणपाटं, आणि वर शेततळ्याला वापरतात ते ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक. कडा फूटभर बाहेर काढून मातीत गाडा, उघडं प्लास्टिक उन्हाने तडकतं. उतारावर माती आणि गोटे पसरा म्हणजे पाय घसरणार नाहीत. कडुनिंबाच्या अगदी बुंध्याशी खणू नका, मुळं तुटतील आणि पानगळीत सगळा पाला पाण्यात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम.

कडेला वेखंड, जलब्राह्मी, लव्हाळा. आत एखादं कुमुद, आणि पाण्याखाली हायड्रिला किंवा वॅलिस्नेरिया. जलपर्णी चुकूनही नको. नळाचं पाणी भरायचंच असेल तर क्लोरीन उडून जायला एक-दोन दिवस उन्हात उघडं ठेवा. पण तुम्ही जून गाठताय, तर गच्चीची पन्हळ तळ्याकडे वळवा. पहिल्या पावसाचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर सोडा, नंतरचं आत घ्या.

शेफिल्डवासीताईंनी जमिनीचं सांगितलं ते इथे आणखी लागू आहे, कारण आपले बेडूक वर्षातले सात-आठ महिने कोरड्यात काढतात. पेव्हर ब्लॉकच्या निदान दोन रांगा काढा. जुनी नळीची कौलं असतील तर एकावर एक तिरकी रचा, फुटक्या कुंड्या आडव्या करून अर्ध्या मातीत पुरा, पाला जाळू नका. आणि कंपाउंडच्या भिंतीला जमिनीलगत चार इंचांची दोन-तीन भोकं पाडा. रस्त्यावरचा भेक आत येणार कुठून? या भोकांचा विचार कोणी करत नाही, आणि मग ‘आमच्या तळ्यात काहीच येत नाही’ म्हणतात. वाळवीचं औषध आणि धुराची फवारणी त्या बाजूला बंद. वाळवीच्या औषधातल्या क्लोरपायरिफॉसचा थोडा अंश पाण्यात उतरला तरी पिल्लं मरतात.

सर्पमित्र_बडोदे
९ मे

बेडूक आले की दिवड येणार हे गृहीत धरा. पाण्यातला साप, बिनविषारी, पण हाताळला तर चावतो. धामणही येईल. नागही भेक खातो, म्हणून दगड-कौलांचा ढीग दारापासून लांब, शक्यतो कंपाउंडच्या कोपऱ्यात. रात्री त्या बाजूला विजेरी घेऊन जा. उंदीर होऊ देऊ नका, पक्ष्यांचं दाणापाणी तळ्याजवळ ठेवू नका. साप दिसला तर लांब राहा, वनखात्याला किंवा सर्पमित्राला फोन करा.

कुत्रा असेल तर लक्ष ठेवा. भेकाच्या डोळ्यामागच्या ग्रंथींत विष असतं. कुत्र्याने तोंडात धरला की फेस येतो. तोंड बाजूने पाण्याने धुवा, घशात पाणी जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरकडे न्या.

प्रतापगंज_परस
९ मे

मगरीचं विचारू का? विश्वामित्री आमच्यापासून फार लांब नाही.

सर्पमित्र_बडोदे
९ मे

बडोद्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. दोन फुटांच्या तळ्यासाठी मगर नदी सोडून येणार नाही, तिला त्यात ना खोली ना खाणं. २०१९ आणि २०२४ च्या पुरात मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांत आल्या त्या पाण्याबरोबर आल्या. तेव्हा तुमचं तळं असो नसो, अंगणात पाणी चढलं की पाण्यात पाय घालायचा नाही आणि वनखात्याला कळवायचं.

पुराचं पाणी तळ्यात शिरलं तर दोन गोष्टी होतात. गटाराचं पाणी मिसळतं आणि तिलापिया, मांगूर असे मासे आत येतात. पूर ओसरल्यावर तळं पूर्ण रिकामं करून पुन्हा पावसाच्या पाण्याने भरा. शक्य असेल तर कड जमिनीपेक्षा वीतभर उंच घ्या, उतार मातीचा ठेवून.

इंदुरी_गच्ची
१० मे

आमचा इंदूरला फ्लॅट आहे, खाली सोसायटीची बाग. जमीन खणू देणार नाहीत. मोठा प्लास्टिकचा टब चालेल का?

पाणथळ
१० मे

बागेत जमिनीवर ठेवता आला तर चालेल. तीन-चार फूट रुंद, पसरट टब घ्या, आत विटांचा जिना रचा आणि बाहेरूनही चढायला दगड लावा. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर ठेवू नका. तिथे बेडूक पोचणार नाहीत, राहतील फक्त डास. लहान मुलं खेळत असतील तर पाण्याच्या दोन बोटं खाली जाड जाळी बसवून घ्या. प्रतापगंजच्या ताई, तुमच्याकडे नातवंडं येत असतील तर तुम्हीही.

प्रतापगंज_परस
१४ जुलै

तळं झालं. फोटो टाकता येत नाहीयेत, म्हणून लिहूनच सांगते. गवंडी उतारावर नाराज होता, पण मी हटले नाही. पेव्हर ब्लॉक काढले तिथली माती दगडासारखी घट्ट झाली होती, ती कुदळीने मोकळी करून पाला पसरला. पन्हळीचं पाणी पहिल्या मोठ्या पावसात भरलं, बीटीआय घातलं.

आधी भेक आले, भिंतीच्या भोकातूनच. सकाळी वेखंडाच्या देठांभोवती काचेसारख्या पारदर्शक दोऱ्या गुंडाळलेल्या होत्या आणि आत काळ्या मण्यांची रांग. आता सगळा उथळ भाग काळ्या पिल्लांनी भरला आहे. रात्री गवतातून बारीक कर्रकर्र ऐकू येते, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तशी. पाणथळकाका, ही तुमची मायक्रोहायला ना?

आणखी एक. तळ्यावर वाकलेल्या जास्वंदीच्या फांदीला पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा लागला आहे. बाहेरून सुकलेला, बोट लावलं नाही पण आत ओला वाटतो. कीड आहे का? धुऊन काढू?

पाणथळ
१४ जुलै

धुऊ नका, हात लावू नका! ते झाडबेडकाचं घरटं आहे. मादी अंड्यांबरोबर चिकट द्रव सोडते आणि मागचे पाय घुसळून त्याचा फेस करते. बाहेरचा थर वाळतो, आत ओल राहते. काही दिवसांत पिल्लं फेसातच वळवळायला लागतील, खालचा भाग विरघळेल आणि ती टपटप पाण्यात पडतील. फांदी पाण्यावरून सरकू देऊ नका, वाऱ्याने हलत असेल तर सुतळीने बांधा. पहिल्याच वर्षी झाडबेडूक आला, फार बरं वाटलं वाचून. आणि हो, कर्रकर्र मायक्रोहायलाचीच.

मांजलपूरची_आई
१५ जुलै

पळीत काय दिसतंय?

प्रतापगंज_परस
१५ जुलै

सुरुवातीला कडेला अळ्या सापडत होत्या, म्हणून बीटीआय पुन्हा घातलं. आता चतुराची पिल्लं दिसतात आणि पळीत अळी क्वचितच येते. उलट तळ्यामुळे मी शेजारच्या कुंड्यांच्या ताटल्याही तपासायला लागले, अळ्यांची वस्ती खरी तिथे होती. तुम्ही विचारलंत म्हणून हे सगळं इतकं नीट झालं.

शेफिल्डवासी
१६ जुलै

ताई, वाचून डोळे भरून आले. रावपुऱ्याच्या आमच्या जुन्या घरीही न्हाणीत झाडबेडूक असायचा, आजी त्याला हाकलू देत नसे. या डिसेंबरात येते तेव्हा तळं बघायला येईन.

प्रतापगंज_परस
२८ सप्टेंबर

शेवटचा प्रश्न. पिल्लांचे बेडूक होऊन गेले, वाढ झालेले कौलांखाली दिसतात. आता पाऊस थांबला. नळाचं पाणी घालून तळं वर्षभर भरलेलं ठेवू, की आटू देऊ? आणि तळाचा गाळ दिवाळीच्या साफसफाईत काढू का?

पाणथळ
२८ सप्टेंबर

आटू द्या. आपले बहुतेक बेडूक पावसाळी डबक्यांवरच वाढलेले आहेत, मार्चपर्यंत तळं कोरडं पडलं तर बिघडत नाही. चुकून आलेले मासे त्यात मरतात आणि पुढच्या पावसात पिल्लांना मोकळं पाणी मिळतं. फक्त शेवटी तळाशी उरलेलं वीतभर पाणी डासांना फार सोयीचं असतं, तेव्हा पळीची तपासणी तळ पूर्ण सुकेपर्यंत चालू ठेवा, किंवा ते उपसून झाडांना घाला. उपसण्याआधी त्यात उशिराची पिल्लं नाहीत ना ते बघा. स्किटरिंग बेडूक मुक्कामाला असेल तर त्याला बारमाही पाणी लागतं. त्याच्यासाठी एक पसरट टब कोपऱ्यात सावलीत बुडवून ठेवा, पळीची तपासणी त्यातही.

गाळ दिवाळीत नको, त्यात पाणकिडे असतात. एप्रिल-मे मध्ये तळ कोरडा झाल्यावर निम्मा काढा, निम्मा राहू द्या, आणि काढलेला कडेच्या वेखंडाला घाला. कौलांचा ढीग मात्र मुळीच हलवू नका, भेक जून उजाडेपर्यंत तिथेच राहणार आहेत.